बाकाच्या कप्प्यातली धूळ

मी एका खासगी प्रयोगशाळेत नमुने गोळा करायचं काम करते. विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी, कारखान्यामागची माती, जे तपासायचं असेल ते बाटलीत नाहीतर पिशवीत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि आत मशीनवर बसणाऱ्यांच्या हवाली करायचं. त्यातून काय निघालं, हे लोकांना कळवायचं काम साहेबांचं. मी तोवर दुसऱ्या गावाच्या रस्त्याला लागलेली असायची. लोकांचे चेहरे मला बघावे लागत नसत.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. शहराच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीकडच्या टोकाला आमचं घर, आणि घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तिची शाळा. शाळेच्या भिंतीला लागूनच एक जुनी शेड होती, कित्येक वर्षं बंद पडलेली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि त्याच सुमाराला ती पाडायला सुरुवात झाली. दिवसभर घणांचे आवाज, पत्रे ओढल्याचा कर्कश खडखडाट. मुलगी घरी येऊन सांगायची, "आई, बाईंचं काही ऐकूच येत नाही." मला वाटलं, चार दिवसांचा त्रास आहे, संपेल.

पालकसभेला गेले तेव्हा वर्गात शिरताशिरता पाय थांबला. खिडकीच्या कठड्यावर राखाडी धुळीचा थर बसला होता. फळ्याच्या कडेवर, बाकांवर, सगळीकडं तीच धूळ. माझी मुलगी आणि तिच्या शेजारी बसणारी तिची मैत्रीण बाकावरच्या धुळीत बोटानं मोर काढत होत्या. मोर पूर्ण झाला तशी मैत्रिणीनं बोट फ्रॉकला पुसलं आणि माझ्या मुलीच्या डब्यातला पोळीचा तुकडा उचलून तोंडात घातला.

त्या शेडमध्ये मी पूर्वी एकदा जाऊन आले होते, बोअरचं पाणी घ्यायला. तिथं एके काळी बॅटरीच्या जुन्या प्लेटा वितळवून शिसं काढायचे. ते पाणी पिण्याजोगं नाही, असं निघाल्याचं मला कुठंतरी ऐकल्यासारखं आठवत होतं. आता त्याच शेडच्या भिंती, छत, भट्टीचा धूर पिऊन बसलेलं सगळं प्लास्टर फुटून शाळेवर येत होतं.

मी तिथल्या तिथं मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. साधारण माझ्या आईच्या वयाच्या, मुलांना जीव लावणाऱ्या बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही, म्हणून तर तपासू म्हणते. मी स्वतः नमुने घेते. साहेबांना विनंती करते."

"आणि निघालं तर?"

"तर निदान कळेल."

त्यांनी खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग म्हणाल्या, "रविवारी या. मी कुलूप उघडून देते."

रविवारी मी सगळं सामान घेऊन गेले. करायचं काम दिसायला अगदी साधं असतं. मोजून कापलेली चौकट ठेवायची, नवीन हातमोजे घालायचे, ओल्या कागदी रुमालानं चौकटीतली जागा एका दिशेनं पुसायची, रुमाल घडी करून दुसऱ्या दिशेनं पुसायची, आणि तो रुमाल बंद नळीत टाकायचा. प्रत्येक जागेला नवे मोजे. मी खिडक्या पुसल्या, फरशी पुसली, मुलं खिचडी खायला बसतात तो व्हरांडा पुसला. मग मुलीच्या वर्गात तिच्या बाकापाशी आले. वरची फळी घेतली, दप्तर ठेवायचा खालचा कप्पाही घेतला.

"ताई, काय पुसू राहिल्या?"

दारात मुलीच्या मैत्रिणीची आई उभी होती, लेकीला कडेवर घेऊन. शेड पाडणाऱ्यांपैकी एकाची ही बायको. पिशोर गावाकडची माणसं. घरची मेंढरं कमी होत गेली तशी मजुरीला शहरात आलेली. शेडच्याच आवारात पत्र्याची खोली करून राहत होती.

"धूळ तपासायचीय," मी म्हटलं.

"मंग मला नाय का सांगायचं? पुसून दिलं असतं की सगळं. लई घाण झाली व्हय?"

"धुळीत विष असेल, असं मला वाटतंय. शिसं."

तिनं लेकीला खाली उतरवलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. तो पदरही राखाडी होता.

नमुने मशीनवर गेले. या खेपेला मी प्रयोगशाळेतून हललेच नाही. मशीनवरच्या मुलीनं आकडे काढले, पुन्हा एकदा चालवून बघितले आणि मला आत बोलावलं. तिनं पडदा माझ्याकडं वळवला. कठडे, फरशी, व्हरांडा, बाक. चालण्याजोग्या मर्यादेच्या आत एकही जागा नव्हती.

घरी आले तेव्हा मुलगी अंगणात खेळत होती. मी तिला ओढतच नळाखाली नेलं. केस, कान, नखं, सगळं घासत सुटले. ती रडायला लागली. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यातली पाळी करून नुकताच आला होता, तो धावत बाहेर आला.

"अगं, काय करतेस? सोलून काढतेस का तिला?"

मी तिथंच ओल्यात बसले आणि त्याला सांगितलं. त्यानं नळ बंद केला, मुलीला टॉवेलात गुंडाळलं. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो. ती नेहमीसारखीच दिसत होती. तेच सहन होत नव्हतं.

शाळेत सभा झाली. साहेब आले, त्यांनी समजावून सांगितलं. शिसं पोटात गेलं की रक्तात उतरतं, लहान मुलांच्या मेंदूला धोका असतो, आणि वरून काही दिसत नाही. एक वडील उठून हसत म्हणाले, "साहेब, आम्ही शिसपेन्सिली चावत लहानाचे मोठे झालो. आम्हाला काय झालं?"

"शिसपेन्सिलीत शिसं नसतं हो," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की सगळे वळून बघायला लागले. "नावच तेवढं आहे तिचं. हे शिसं वेगळं आहे. हे खरं आहे."



शाळेला सुट्टी दिली. शेडच्या ठेकेदाराला बोलावलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तोडेंगे तो धूल तो होएगीच ना. अब क्या, दीवारां तो गिर गए. अंदर का फर्श बाकी है." बाईंनी हात जोडले, साहेबांनी दम दिला, तेव्हा कुठं त्यानं शाळेच्या बाजूनं उंच ताडपत्री बांधली आणि पाणी मारून तोडायचं कबूल केलं. झाडू मारायचा नाही, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकी फेकून द्यायची, हे मी दाखवलं, आणि शिक्षक, पालक मिळून शाळा धुवायला लागले. मैत्रिणीची आईही रोज यायची. सगळ्यात जास्त बाक तिनं पुसले असतील.

ज्यांनी ज्यांनी तयारी दाखवली त्या मुलांचं रक्त तपासायला गेलं. मैत्रिणीच्या बापानं मात्र नकार दिला. "सुई बघून पोरगी फेफरं आल्यावानी करती. नको," म्हणाला आणि घण उचलून गेला.

माझ्या मुलीच्या रक्तात शिसं निघालं.

बालरोगतज्ज्ञांपुढं मी रिपोर्ट ठेवला. त्यांनी तिला तपासलं, गोष्टी विचारल्या, हसवलं.

"एवढ्या प्रमाणावर औषध देत नाहीत," ते म्हणाले. "धुळीपासून लांब ठेवा. खाणंपिणं चांगलं द्या, दूध, पालेभाज्या. लोह लिहून देतो. काही महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. हळूहळू उतरेल."

"ते उतरेल. पण तोवर जे व्हायचं ते झालं असेल तर?"

"ते आज सांगता येत नाही."

"मग कधी येईल?"

डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. त्यांनी पुढची तारीख लिहून दिली, आणि मुलगी टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळत राहिली.

त्यानंतर मला एक वेडच लागलं. तिच्या हातातला चमचा पडला की मी तो पुन्हा तिच्या हातात देऊन बघायची. गणित चुकलं की मी वही घेऊन न्हाणीघरात जायची आणि दार लावून रडायची. ती एकदा चप्पल उलटी घालून आली, तर मी नवऱ्याला फोन करून कामावरून बोलावून घेतलं. "पोरं घालतात गं उलटी चप्पल," तो म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

शाळा धुऊन झाल्यावर मी पुन्हा नमुने घेतले. आकडे उतरले होते. कठडे, व्हरांडा, फरशी, सगळं मर्यादेत. बाईंनी माझा हात हातात घेतला. शाळा भरली. शेडच्या आतली फरशी आणि भट्टीचा चौथरा फोडायचं काम अजून चालू होतं, म्हणून शाळा भरल्यावरही एकदा बघावं, असं साहेबांनीच सुचवलं. मी पुन्हा गेले. सगळं ठीक होतं. फक्त एकच जागा वर गेली होती, जवळजवळ पहिल्याइतकीच. माझ्या मुलीच्या बाकाचा कप्पा.

मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कप्प्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या पुसल्या. माझ्या मुलीची बाजू कमी. मैत्रिणीची बाजू भयंकर.

निकाल आला त्याच संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. मैत्रिणीची आई भाकरी करत होती. आत एकच खुंटी होती. तिच्यावर नवऱ्याचा कामाचा सदरा, आणि त्याच खुंटीला सदऱ्याखाली लेकीचं दप्तर. तो सदरा हलला की त्यातून धूळ गळताना दिसत होती.

मी तिला समजावलं. दप्तर बाहेर टांग, कपडे वेगळे धू, त्याला आंघोळ केल्याशिवाय आत येऊ देऊ नको. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

"ताई, धुती तर मीच ना. हातानंच धुती. ह्याच बादलीत." तिनं कोपऱ्यातली बादली दाखवली. "पोरीची आंघोळ बी ह्याच्यातच."

मी म्हटलं, तिचं रक्त तपासू, उद्याच. ती हो म्हणाली. नवऱ्याला मी पटवते, म्हणाली.

पण शाळेला निकाल कळवणं भाग होतं. मी फक्त बाईंना सांगितलं, नाव पुढं येऊ देऊ नका म्हणून विनवलं. एका वर्गात एकच बाक बाजूला काढून धुतला जातोय म्हटल्यावर लोकांना सांगायला कशाला लागतं? सकाळी फाटकापाशी पालकांचा घोळका होता.

"त्या मजुराच्या पोरीला काढा आधी."

"आमच्या पोरांच्या जिवाशी खेळ आहे हा."

मी पुढं झाले. "तिच्या शेजारी माझीच मुलगी बसते. माझ्या मुलीच्या रक्तात शिसं निघालंय. काढायला मी सांगितलं पाहिजे, आणि मी सांगत नाही. दप्तर शाळेतच ठेवू. गणवेश शाळेत बदलू. मी स्वतः रोज येते. त्या पोरीनं काय केलंय?"

"तुम्हीच तर तपासून काढलं ना मॅडम?" एक आई म्हणाली. "मग आता उलटं काय बोलता?"

मी बोलत राहिले. पाणी, साबण, वेगळी पिशवी, जे जे सुचेल ते सांगत राहिले. कुणी ऐकत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघितलं तर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "थोडे दिवस घरी राहू द्या तिला. मी तरी काय करू? निम्मी शाळा दाखले मागतेय."

मैत्रिणीची आई घोळक्यामागं उभी होती. लेकीचं बोट धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडं जाईपर्यंत ती वळून चालायला लागली.

"थांबा," मी ओरडले. "आपल्याला दवाखान्यात जायचंय!"

तिनं मागं बघितलं नाही. लेक मात्र मान वळवून माझ्या मुलीला हात हलवत होती.

दुपारी गेले तर खोली रिकामी. पत्रेसुद्धा काढून नेलेले. ठेकेदार म्हणाला, "चले गए मॅडम. उस आदमी की तबीयत बी बराबर नहीं थी." फोन लावला, बंद. रोज लावत राहिले, रोज बंद. माझी मुलगी विचारायची, ती कधी येणार. नवरा म्हणायचा, "आता आपल्या पोरीचं बघ. तुझ्यानं होईल तेवढं केलंस." मला ते पटायचं, आणि पोळी लाटताना ती कोपऱ्यातली बादली डोळ्यांसमोर यायची. त्या लेकीच्या अंगात काय असेल, हे मला माहीत होतं, आणि ती कुठं आहे, हे मात्र माहीत नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी एसटीत बसून पिशोरला गेले. नावाशिवाय हातात काही नव्हतं. बाजाराचा दिवस होता. मिरच्यावाल्यांना विचारलं, घोंगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं निरखून बघितलं. "तुमी दवाखान्यातल्या का?" "नाही, मी तिच्या मैत्रिणीची आई." मग त्यानं गावाबाहेर, ओढ्यापलीकडची वस्ती दाखवली.

मैत्रिणीची आई शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून तिच्या हातातली फांदी तशीच राहिली. "ताई, तुमी इथं?" एवढंच म्हणाली. तिचा नवरा बाजेवर पडून होता. इतका वाळलेला की मी आधी ओळखलंच नाही.

"बसा," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उचलून द्यायला गेला. तांब्या उचललाच गेला नाही. त्याचा हात मनगटातून खाली लोंबत होता. दुसऱ्या हातानं आधार देऊन त्यानं तो मांडीवर ठेवला.

"असं कधीपासून?"

"लई दिवस झाले. पोटात बी कळा येतात, गडाबडा लोळतो. ॲसिडिटी हाय म्हणून गोळ्या खाऊ राहिलो."

त्या आजाराबद्दल मी नुसतं वाचलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. "हे शिसं आहे," मी म्हटलं. "तुम्ही रोज ते श्वासातून घेत होतात. चला माझ्याबरोबर. दोघंही चला, पोरीला घेऊन."

तो हसला. ते हसू मला अजून दिसतं.

"काम गेलं. हात गेला. पोरीची शाळा गेली. आता काय तपासता? हाय का औषध?"

"तुमच्यासाठी असेल. पोरीचं रक्त बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"आन नसलं तर?"

मी तोंडाला पदर लावला. आवरायचा किती प्रयत्न केला, पण त्या परक्या अंगणात मला हुंदका आला. म्हटलं, "माझ्या पोरीला पण औषध नाही. मी पण वाटच बघते. पण वाट बघायला तरी कळायला पाहिजे ना कशाची बघायची?"

त्याची बायको उठली. आत गेली, लेकीला फ्रॉक घातला, स्वतःचं लुगडं बदललं, शेळ्या जावेच्या हवाली केल्या. नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी चालले. तुमी येता का नाय?" तो उठला.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात त्याला तिथल्या तिथं दाखल करून घेतलं. त्याच्या रक्तातल्या शिशाचं प्रमाण ऐकून तिथल्या तरुण डॉक्टरनं पुन्हा नमुना मागवला. त्याला लागणारं औषध सहज मिळणारं नव्हतं. साहेबांनी दहा ठिकाणी फोन करून ते मुंबईहून मागवलं. लेकीचंही प्रमाण माझ्या मुलीच्या कितीतरी पुढं होतं. तिलाही ठेवून घेतलं. बापलेक शेजारशेजारच्या इमारतीत, आणि ती माउली डबा घेऊन दोन्ही जिने चढत उतरत होती. मी सुट्ट्या संपेपर्यंत जात राहिले. सुट्ट्या संपल्यावर माझा नवरा पाळी संपवून परस्पर जायला लागला. मुख्याध्यापिकाबाई एकदा आल्या. बराच वेळ त्या लेकीच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या. जाताना तिच्या आईला म्हणाल्या, "शाळेत घेऊन या. आता मी बघते कोण काय म्हणतं ते."

"नको बाई," ती शांतपणे म्हणाली. "आता गावाकडंच घालू."

उपचार संपल्यावर बापलेक घरी गेले. वडिलांच्या हाताला थोडी ताकद आली, पण घण धरण्याइतकी नाही. तो भावाची मेंढरं राखतो. लेक पिशोरच्या शाळेत जाते. माझ्या मुलीचं प्रमाण पुढच्या तपासणीत उतरलं, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी उतरलं. डॉक्टर समाधानी आहेत. मुलगी चांगली आहे, हुशार आहे असं सगळे म्हणतात. मी हो म्हणते.

परवा मैत्रिणीच्या आईचा फोन आला. "ताई, हिला वाचता येतं का बघा बरं. गुरुजी म्हणतात, लई हळू हाय." मी फोन स्पीकरवर टाकला. माझी मुलगीही शेजारी येऊन बसली. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला, आणि ती वाचायला लागली, एकेक अक्षर सुटं करून. एका शब्दावर अडली. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली.

शाळा इतकी बुडाली म्हणून असेल. दवाखान्याच्या भीतीनं असेल. किंवा ते असेल.

"सांगू का मी?" माझी मुलगी कुजबुजली.

मी मान हलवून नको म्हटलं. फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघी आया ऐकत राहिलो, आणि ती पोर तिसऱ्यांदा त्या ओळीच्या सुरुवातीला गेली.